एटीपी शोधणारा माणूस : डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव



आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी शिवाजी महाराज, डॉ. कलाम आणि 'आई' या विषयांवर लेख असतातच, आणि ते असायलाच हवेत. पण यंदा मी जरा वेगळ्या माणसाबद्दल लिहिणार आहे. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे माझं मराठी घरातलं आणि होस्टेलमधलं आहे. तेव्हा एखाद्या जागी इंग्रजी शब्द आला तर सांभाळून घ्या.

सुरुवात एका विषापासून करते. घाबरू नका, मेसच्या जेवणाबद्दल बोलत नाहीये!

कॅल्कारिस्पोरियम आर्बुस्क्युला नावाची एक बुरशी आहे. ती जंगलात उगवणाऱ्या अळंब्यांच्या अंगात मुक्काम करते, म्हणजे बुरशीवर राहणारी बुरशी. ही बुरशी ऑरोव्हर्टिन नावाचं विष तयार करते. आम्ही मेकॅनिकलवाले ओपन इलेक्टिव्हमध्ये 'बायॉलॉजी फॉर इंजिनिअर्स' घेतो ते केवळ सोपा विषय म्हणून, हे सर्वांना माहीत आहे. पण या विषाची माहिती वाचली आणि मी चक्क जागी झाले, कारण हे विष एक मोटर बंद पाडतं.

खरोखरची मोटर! आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकॉण्ड्रिया असतात आणि त्यांच्या आतल्या पडद्यावर एटीपी सिंथेज नावाची यंत्रं बसवलेली असतात. त्यात फिरणारा रोटर आहे, मधोमध शाफ्ट आहे आणि न फिरणारं डोकंही आहे. पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात आणि धरणातलं पाणी टर्बाइनमधून यावं तसे या यंत्रातून पलीकडे येतात. त्याने शाफ्ट फिरतो आणि एका पूर्ण फेरीत एटीपीचे तीन रेणू तयार होतात. एटीपी म्हणजे पेशीचं रोख चलन. स्नायू हलवायचा असो, मेंदूला संदेश पाठवायचा असो की रात्री दोनला जर्नल पूर्ण करायचं असो, पेमेंट एटीपीतच करावं लागतं. शरीरात कुठल्याही क्षणी ते थोडंसंच असतं. मात्र दिवसभरात आपण साधारण आपल्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि खर्च करून टाकतो.

ऑरोव्हर्टिन या मोटरच्या डोक्यात जाऊन बसतं. डोक्यात तीन जागी एटीपी बनतं आणि शाफ्ट फिरताना त्या जागा आळीपाळीने आपला आकार बदलतात. विष तिथे पाचरीसारखं अडकलं की आकार बदलता येत नाही आणि उत्पादन थांबतं. १९६४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या हेन्री लार्डी यांच्या प्रयोगशाळेतून या विषाच्या परिणामांवर निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हापासून संशोधक त्याचा एखाद्या टूलसारखा उपयोग करत आले आहेत. आणखी गंमत म्हणजे मोटरला चिकटलं की हे विष जास्त चमकतं, त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेरून मोजता येतं. १९९६ मध्ये केंब्रिजला जॉन वॉकर यांच्या गटाने हे विष मोटरमध्ये नेमकं कुठे बसतं त्याची रचनाच काढली. तीनपैकी दोन जागी ते बसलेलं दिसलं. पुढच्याच वर्षी वॉकर यांना नोबेल मिळालं. यंत्र कसं चालतं ते कळायला ते कुठे अडकतं हे बघावं, हे आमच्या वर्कशॉपमध्येही शिकवतात. तेच इथे एका बुरशीने शिकवलं.

हे सगळं वाचून मला साधा प्रश्न पडला. मोटरचं ठीक आहे, पण ती जे बनवते ते एटीपी कुणी शोधलं? उत्तरात दोन ठिकाणं निघाली. एक जर्मनी, तिथे कार्ल लोमान. दुसरं अमेरिकेतलं हार्वर्ड, तिथे सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव. दोन्हीकडे साल एकच, १९२९. सुब्बाराव हे नाव दहावी-बारावीच्या माझ्या एकाही पुस्तकात मी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचलं होतं का?

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमावरमला झाला. हे गाव आता आंध्र प्रदेशात आहे, तेव्हा मद्रास इलाख्यात होतं. घरची परिस्थिती बेताची आणि भावंडं पुष्कळ. अभ्यासात मुलाचं लक्ष नव्हतं. लहानपणी हा मुलगा घरातून पळाला होता असं त्यांच्या चरित्रात सांगतात. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचं असा त्याचा बेत होता! आईने त्याला वाटेतून परत आणलं आणि पुन्हा शाळेत बसवलं. मॅट्रिकला दोनदा गचके खाऊन तिसऱ्या वेळी ते पास झाले. एटीकेटीच्या यादीत ज्यांची नावं लागली आहेत त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.

पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते चांगले चमकले. त्यांना रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यासी व्हायचं होतं, पण आईने परवानगी दिली नाही. मग सेवा करायची तर डॉक्टर होऊन करू, असं ठरवून ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. फीचे पैसे मित्रांनी आणि कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती या गृहस्थांनी उभे केले. पुढे १९१९ साली मूर्तींची मुलगी शेषगिरी हिच्याशी त्यांचं लग्न झालं.

ते दिवस गांधीजींच्या हाकेचे होते. विलायती कापड सोडा म्हटल्यावर सुब्बारावांनी ऑपरेशनच्या वेळचा डगलासुद्धा खादीचा घालायला सुरुवात केली. सर्जरीचे प्राध्यापक ब्रॅडफिल्ड यांना ते अजिबात रुचलं नाही. लेखी पेपर उत्तम गेले होते, तरी शेवटी सुब्बारावांच्या हातात पूर्ण एम.बी.बी.एस. पदवी न पडता एल.एम.एस. हे खालच्या दर्जाचं प्रमाणपत्र पडलं. एका कापडाची एवढी किंमत! सरकारी वैद्यकीय सेवेत जाण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तोही फसला. मग मद्रासच्या एका आयुर्वेदिक कॉलेजात ते शरीररचना शिकवू लागले. आपल्याकडे आजही मुलं एका मार्कशीटवरून स्वतःचं आयुष्य संपलं असं धरून चालतात. सुब्बारावांचं मार्कशीट तर दुसऱ्याच कुणाच्या रागाने लिहिलं गेलं होतं.

याच सुमारास घरात मोठा घाव बसला. त्यांचा भाऊ संग्रहणीने गेला. संग्रहणी, म्हणजे डॉक्टर ज्याला ट्रॉपिकल स्प्रू म्हणतात तो रोग. खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होत जातं आणि माणूस डोळ्यांदेखत झिजतो. घरात शिकलेला डॉक्टर होता, पण त्याच्या हातात औषध नव्हतं. कारण तेव्हा ते जगात कुणाच्याच हातात नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काकीनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेने आणि सासऱ्यांनी पैशाची सोय केली आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये सुब्बाराव बोस्टनला उतरले. शेषगिरी मागे राहिल्या. हार्वर्डच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या शाळेत प्रवेश मिळाला, पण खिशात पैसा नाही आणि इथली डॉक्टरकी तिथे चालत नाही. म्हणून त्यांनी हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी धरली. डॉक्टरची नव्हे, रुग्णांची बेडपॅन साफ करण्याची आणि अशीच पडेल ती कामं. दिवसा वर्ग, रात्री हे काम. डिप्लोमा मिळाल्यावर ते हार्वर्डच्या बायोकेमिस्ट्री विभागात फिस्के यांच्या हाताखाली लागले.

इथून खरी गोष्ट सुरू होते. रक्तात किंवा लघवीत फॉस्फरस किती आहे हे नेमकं मोजणं तेव्हा फार कटकटीचं होतं. फिस्के आणि सुब्बाराव यांनी १९२५ साली एक सुटसुटीत पद्धत दिली. नमुन्यात मॉलिब्डेट घालायचं, त्यात एक रिड्यूसिंग एजंट टाकायचा आणि जो निळा रंग येतो तो किती गडद आहे ते पाहायचं. जितका फॉस्फरस जास्त, तितका निळा गडद. फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने ती आजही बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात आहे. बायोटेकवाल्यांनी प्रॅक्टिकलचं मॅन्युअल चाळून पाहावं.

मोजपट्टी हातात आली की आधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात. स्नायूंतला फॉस्फरस मोजताना आकडे नीट बसेनात. रंग हळूहळू गडद होत जाई, जणू काही तरी फुटून त्यातून फॉस्फेट सुटत होतं. दुसऱ्या कुणी तो प्रयोगातला दोष म्हणून सोडून दिला असता. या दोघांनी त्याचा पाठलाग केला आणि १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन सापडलं. स्नायू काम करतो तेव्हा ते खर्च होतं, विश्रांती घेतो तेव्हा पुन्हा भरतं, म्हणजे बॅटरीच. त्याच काळात इंग्लंडमध्ये एगल्टन पती-पत्नींनाही हाच पदार्थ दिसला होता. स्नायूला शक्ती लॅक्टिक अॅसिड बनण्यातून मिळते असं तोवर मानलं जाई, आणि १९२२ चं नोबेलही स्नायूंवरच्या अशाच कामाला मिळालेलं होतं. त्या विचाराला इथे पहिला तडा गेला. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, एटीपी वेगळं काढलं गेलं. त्याचा पूर्ण अर्थ लागायला पुढे बरीच वर्षं आणि बरेच लोक लागले. पण ज्या नाण्यावर सगळी जीवसृष्टी चालते ते नाणं पहिल्यांदा हातात घेऊन पाहणाऱ्या मोजक्या लोकांत भीमावरमचा हा मॅट्रिकला दोनदा नापास झालेला मुलगा होता.

१९३० मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. एवढं केल्यावर हार्वर्डने डोक्यावर घेतलं असेल असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. कायमची नेमणूक मिळाली नाही. नाव पुढे करण्याची त्यांना सवय नव्हती, आणि निबंधांवर फिस्के यांचं नाव आधी होतं. त्याच प्रयोगशाळेत शिकलेले जॉर्ज हिचिंग्ज, ज्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी नंतर सांगितलं की सुब्बारावांनी वेगळे काढलेले काही पदार्थ पुढे इतरांना नव्याने शोधावे लागले, कारण फिस्के यांनी, बहुधा मत्सरापोटी, ते काम बाहेर येऊ दिलं नाही. ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोण रात्री जागतं आणि प्रेझेंटेशनला कोण पुढे उभं राहतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना जास्त सांगायला नको.

१९४० मध्ये सुब्बाराव हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कजवळ पर्ल रिव्हरला लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि थोड्याच काळात तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. इथली आठ वर्षं वाचताना मला धाप लागली.

पहिलं काम फोलिक अॅसिडचं. इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. १९२८ नंतर लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत येऊन गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास करत होत्या. त्यांत गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका होत्या. यीस्टच्या अर्काने त्यांचं रक्त सुधारतं हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिलं. पण त्या अर्कातलं नेमकं काय उपयोगी पडतं ते ठाऊक नव्हतं. तो पदार्थ म्हणजे फोलिक अॅसिड. तो शुद्ध स्वरूपात फार थोडा मिळे. सुब्बारावांच्या गटाने १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत बनवून दाखवला आणि मग तो हवा तितका तयार करता येऊ लागला. आज आपल्याकडे गरोदर बाईला लोहाबरोबर फोलिक अॅसिडची गोळी देतात, ती हीच. आणि याच औषधाने संग्रहणीच्या रोग्यांचं रक्तही भरून येऊ लागलं. ज्या रोगाने भाऊ नेला त्याचं औषध भावाने शोधलं, पण साधारण पंचवीस वर्षं उशिरा. हा भाग मी होस्टेलच्या गच्चीत वाचला आणि थोडा वेळ पुढचं पान उलटवलं नाही.

दुसरं काम तर उलट दिशेचं. फोलिक अॅसिड रक्तपेशींच्या वाढीला लागतं. मग त्याच्यासारखा दिसणारा पण काम न करणारा नकली रेणू दिला तर? पेशी फसेल आणि वाढ थांबेल. हेच तर विषाचं तत्त्व आहे, ऑरोव्हर्टिनसारखंच, यंत्रात नेमक्या जागी पाचर मारायची! लेडर्लेत असा अॅमिनोप्टेरिन नावाचा रेणू तयार झाला. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीपासून तो रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांना दिला. १९४८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले : १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती काही काळच टिकली. पण त्याआधी या मुलांसाठी काहीच नव्हतं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही कॅन्सरवर आणि संधिवातावर वापरतात. कुणाच्या आजीला संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल, तर तिच्या पट्टीवर हे नाव वाचून बघा.

तिसरं काम हेट्राझान, म्हणजे डायइथिलकार्बामेझिन. हत्तीरोगावरचं हे औषध. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या आपल्या मित्रांनी गावात आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन डीईसीच्या गोळ्या समोर खायला लावतात हे पाहिलं असेल. त्या गोळीचा उगम इथे आहे.

चौथं काम मातीतलं. लेडर्लेने ठिकठिकाणची माती गोळा करून त्यातले जीव वाढवून पाहायला सुरुवात केली. बेंजामिन डुग्गर हे सत्तरी ओलांडलेले निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ या कामावर होते. बाकीच्यांनी ज्यांना घरी बसवलं अशा म्हाताऱ्याला सुब्बारावांच्या विभागात काम होतं, हे मला फार आवडलं. मिझुरीच्या एका शेतातल्या मातीत बुरशीसारखा दिसणारा एक सोनेरी जिवाणू सापडला आणि १९४८ मध्ये ऑरिओमायसिन बाजारात आलं. टेट्रासायक्लिन घराण्यातलं ते पहिलं औषध. १९९४ मध्ये सुरतेला प्लेगची साथ आली तेव्हा लोक दुकानांत ज्या गोळ्या शोधत फिरत होते, त्या याच घराण्यातल्या.

ऑगस्ट १९४८ मध्ये, ऑरिओमायसिन जाहीर झाल्यानंतर काही दिवसांतच, सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. वय ५३. एवढी वर्षं अमेरिकेत काढूनही ते तिथले नागरिक झाले नाहीत. १९४६ पर्यंत तर भारतीयांना तिथे नागरिकत्व मिळायची कायद्याने सोयच नव्हती. आणि ते भारतातही कधी परत आले नाहीत. १९४७ चा १५ ऑगस्ट त्यांनी परक्या देशातच पाहिला.

इथे मला एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर हा लेख फक्त आरती होईल. शेषगिरींनी नवऱ्याला १९२२ नंतर पुन्हा पाहिलं नाही. सव्वीस वर्षं! जगातल्या लाखो बायकांना ज्यांच्या गोळीने रक्त मिळालं त्यांच्या स्वतःच्या बायकोच्या वाट्याला वाट बघणं आलं. आमच्या रूममध्ये यावर रात्री एकपर्यंत वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, मोठ्या कामाला एवढी किंमत द्यावीच लागते. मी म्हटलं, हो, पण किंमत कुणी दिली तेही लिहा ना! वाद मिटला नाही, आणि मिटावा असंही मला वाटत नाही. पुढच्या वर्षी आमच्यातल्या निम्म्या जणी जीआरई देऊन बाहेर जायचं बघतायत. मीही त्यात आहे. सुब्बारावांकडून मला चिकाटी घ्यायची आहे, पण त्यांचं सगळंच आयुष्य गिरवायचं नाही.

नोबेल त्यांना मिळालं नाही. जन्मशताब्दीला, १९९५ मध्ये, भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. त्यांच्या नावाचा आणखी एक सन्मान आहे आणि सिव्हिलवाल्यांना तो विशेष आवडेल. एन्व्हायर्न्मेंटलच्या पेपरात सांडपाण्यासाठी ट्रिकलिंग फिल्टर येतो ना? दगडांवरून पाणी झिरपतं आणि दगडांवर वाढलेला चिकट थर घाण खातो, तो. त्या थरातल्या बुरशींचा अभ्यास करताना हेसेल्टिन या शास्त्रज्ञाला एक नवी बुरशी मिळाली. १९५३ साली त्याने तिला नाव दिलं सुब्बारोमायसिस स्प्लेन्डेन्स.

पुतळा नाही, चौक नाही, एक बुरशी. आणि तीही निमूटपणे सांडपाण्यात काम करणारी. पुढच्या सेमिस्टरला ट्रिकलिंग फिल्टरची आकृती काढताना दगडांच्या बाजूला त्यांचं नाव पेन्सिलने लिहा. मार्क मिळणार नाहीत, पण लिहा.